हात न लावता

“हाथ नहीं,” फोरमनने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि त्या हिवाळ्यात हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकले की झोपेतसुद्धा मुठी छातीशी आवळून पडायचो. समोरून बैलासारखा माणूस धावत येणार. तो माझ्या पाठीमागे उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचता कामा नये. पण मी त्याला धरायचं नाही, ओढायचं नाही, त्याच्या सदऱ्याची बाहीसुद्धा मुठीत घ्यायची नाही. हे म्हणजे पाण्यात उतर आणि कोरडा राहा म्हणण्यासारखं झालं. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो, डोकं लवकर तापायचं, आणि असला नियम कोणी शहाण्या माणसाने केला असेल यावर माझा विश्वास बसत नव्हता. अजूनही बसत नाही.

मी रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या गावचा. मामूने मला कुवेतला नेलं तेव्हा पन्नासचं दशक संपत आलं होतं. मीना अल-अहमदीला तेलाच्या जहाजांसाठी धक्का वाढवायचं काम चाललं होतं आणि ते काम घेतलेल्या अमेरिकन कंपनीत मामू खलाशांचा मुकादम होता. खलाशी म्हटलं की लोकांना बोट आठवते. आम्ही जमिनीवरचे खलाशी. अवजड पाइप, लोखंडी खांब, टाक्यांचे पत्रे दोर बांधून क्रेनने उचलायचे आणि नेमक्या जागी नेऊन बसवायचे, हा आमचा धंदा. टोळीत सगळे आमच्याच आसपासच्या गावांतले मुसलमान. हे काम जोखमीचं होतं, पण मानाचं होतं. बाकीच्या बहुतेक हिंदी मजुरांच्या नशिबी फावडं होतं.

आमच्या हातात फावडं नव्हतं ते एका माणसामुळे. आमचा फोरमन अमेरिकेच्या दक्षिणेकडचा, चाळिशी ओलांडलेला, उंच आणि कमी बोलणारा. त्याने एकदा आमच्या टोळीला एक वाकडातिकडा पाइप धक्क्याच्या दोन खांबांमधून अलगद उतरवताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून क्रेनच्या खाली आम्हाला उभं केलं. मोडकंतोडकं हिंदी तो कामावरच शिकला होता, आणि आमचे शब्दही त्याने उचलले. वर घ्यायचं असलं की “हबेस”, खाली सोडायचं असलं की “आरिया”. त्याच्या तोंडी ते शब्द ऐकून आम्ही पहिल्यांदा हसलो, मग आम्हालाच बरं वाटायला लागलं. त्याच्या हाताखाली दुसरा एक फोरमन होता. त्याला आम्ही क्रेनजवळ दिसलो की पोटात दुखायचं. हे लोक खड्डे खणायला आणलेत, असं तो आमच्यासमोरच म्हणायचा, कारण आम्हाला इंग्रजी कळत नाही अशी त्याची समजूत होती. एवढं कळायला इंग्रजी लागत नाही.

तर असा हा आमचा फोरमन. आणि त्याला खेळाचं वेड. तरुणपणी तो त्यांच्या देशात पगारी खेळाडू होता, एक हंगाम खेळला आणि उजवा गुडघा घालवून बसला. त्यांचा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू नारळासारखा, दोन्ही टोकांना निमुळता, आणि पायाने मारण्यापेक्षा हाताने फेकायचाच जास्त. फेकणारा एकटा मागे उभा राहतो, लांब पळालेला आपला गडी हेरतो आणि चेंडू त्याच्याकडे टाकतो. या हेरण्याला दोन-चार श्वासांचा वेळ लागतो. तेवढ्यात समोरचे लोक त्याच्यावर तुटून पडतात. त्यांना अडवायला त्याच्यापुढे माणसांची एक भिंत असते. फोरमन फेकणारा होता. आणि भिंतीतला डाव्या कोपऱ्यातला माणूस कमी पडत होता, कारण तिथे उभा राहणारा वेल्डर रजेवर मायदेशी गेला होता.

डावा कोपरा सगळ्यांत वाईट. उजव्या हाताने फेकणारा माणूस फेकायला वळतो तेव्हा त्याची पाठ डावीकडे होते. तिकडून कोण येतंय ते त्याला दिसत नाही.

माझी निवड कशी झाली तेही सांगतो. शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि जेवण झालं की आम्ही कॅम्पच्या मागे वाळूत रेघा मारून हुतुतू खेळायचो. मी गावाकडेही डाव्या कोपऱ्यातच उभा राहायचो आणि माझी घोट्याची पकड आमच्या पंचक्रोशीत माहीत होती. चढाई करणारा माघारी वळला की मी खाली झेपावायचो, आणि एकदा घोटा माझ्या दोन्ही हातांत आला की तो गडी मध्यरेषा पाहायचा फक्त लांबून. फोरमनने हे पाहिलं. तो आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मामूला म्हणाला, “ये आदमी फ्रायडे को हमको देगा?” एखादी कप्पी मागावी तसं त्याने मला मागितलं.

मामूच्या कपाळावर आठ्या. फोरमन गेल्यावर तो म्हणाला, “तू त्या खेळात जाव नको. पाय मोडला तं कंपनी बोटीत घालून घरी पाठवील. मग तुज्या आईला मी काय सांगू?”

पण फोरमनला नाही कोण म्हणणार. आणि खरं सांगायचं तर मला जायचं होतं. गोऱ्यांच्या खेळात आपल्याला बोलावलंय म्हणून मी हुरळून गेलो होतो.

मैदान अहमदीच्या बाहेर होतं. वाळू उडू नये म्हणून त्यावर कच्चं तेल शिंपडलेलं. पडलं की अंग काळं व्हायचं आणि तो वास आठवडाभर कपड्यांतून जायचा नाही. डोक्यावरचं टोप मला घट्ट होतं. खांद्यांवरची गादी मामूनेच शिवून दिली होती, बोटीवरच्या जुन्या लाइफ-जॅकेटातला कापूस किंतानात भरून. मनाविरुद्ध का होईना, टाके मात्र त्याने पक्के घातले होते.

आमच्यासमोर वफ्राचे ड्रिलर होते. दक्षिणेला वाळवंटात तेलाच्या विहिरी खणणारी अमेरिकन माणसं. माझ्या वाट्याला आलेल्याची मान तांबडी होती आणि ती सुरू कुठे होते आणि खांदे कुठे संपतात ते कळत नव्हतं. मी मनात त्याचं नाव तांबडा ठेवलं. फोरमनने मला पुन्हा एकदा मुठी छातीशी धरून दाखवल्या. मी मान हलवली. मग मी तांबड्याच्या हातांकडे बोट दाखवून विचारलं, आणि याचे हात? फोरमन म्हणाला, “उसका हाथ चलेगा.” म्हणजे जो फोडायला येतो त्याला हात मोकळे, आणि जो राखायला उभा आहे त्याचे बांधलेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण तेवढ्यात शिट्टी वाजली.

तांबड्याने पहिल्याच झटक्याला माझ्या टोपावर कानाशी सणसणीत थप्पड मारली. डोक्यात घंटा वाजली. आणि मग मी जे केलं ते आमच्याकडचाच माणूस करू जाणे. हुतुतूत समोरचा गडी तुम्हाला शिवला आणि निसटला की तुम्ही बाद. वाद घालायचा नसतो, मुकाट्याने रेघेबाहेर जायचं असतं. लहानपणापासून हे अंगात भिनलेलं. तांबडा मला शिवला, माझ्या बाजूने निसटला, आणि माझे पाय आपोआप वळले. मी मान खाली घालून मैदानाच्या बाहेर चालायला लागलो. पाठीमागे धप्प असा आवाज झाला तेव्हा मी थबकलो. वळून पाहिलं तर फोरमन जमिनीवर होता आणि तांबडा त्याच्या अंगावर.

बाहेर उभे असलेले आमच्या टोळीतले लोक हसले नाहीत. त्यांना मी काय केलं ते बरोबर कळलं होतं आणि त्यांच्यापैकी कोणीही असता तरी त्याने तेच केलं असतं. गोरे मात्र पोट धरून हसत होते. फोरमन उठला, तोंडातली वाळू थुंकला आणि मला हाताने परत जागेवर बोलावलं. तो रागावला नाही. ते मला जास्त लागलं. ओरडला असता तर मीही मनात त्याला दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो.

त्या दिवशी तो आणखी किती वेळा पडला ते मी मोजलं नाही. मी हात आवरले की पाय चुकायचे, पाय सांभाळले की हात पुढे जायचे. हात पुढे गेला की शिट्टी. दंड म्हणून आमचा संघ मागे सरकायचा आणि संघातले बाकीचे गोरे माझ्याकडे खाऊ की गिळू असे बघायचे. शेवटी शेवटी फोरमन उठताना जमिनीला हात टेकायला लागला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. उजवा गुडघा कलिंगडाएवढा सुजला होता, असं त्याचा ड्रायव्हर सांगून गेला. सकाळी सातच्या आत दुसऱ्या फोरमनने आम्हाला क्रेनजवळून हटवलं आणि पाइपलाइनच्या चरात फावडी देऊन उतरवलं. आमच्या जागी त्याने आपली माणसं उभी केली. चरातली वाळू वर फेकायची, वारा ती परत खाली आणायचा. तीस वर्षं दोर हाताळलेला माझा मामू त्या चरात उभा राहून फावडं मारत होता. पागोटं सुटलं तरी त्याने ते परत बांधलं नाही. मी त्याच्याकडे बघू शकत नव्हतो आणि नजर दुसरीकडे ठेवायला त्या चरात जागाही नव्हती.

आठवड्याने फोरमन लंगडत आला आणि त्याने आम्हाला चरातून वर काढलं. पण तो मामूला जे म्हणाला त्याने आमची झोप उडाली. इस्पितळातल्या डॉक्टरने कंपनीला कळवलं होतं, की हा गुडघा पुन्हा दुखावला तर हा माणूस साइटवर उभा राहायच्या लायकीचा राहणार नाही. म्हणजे त्याला घरी पाठवणार. हे तो हसत सांगत होता. आणि त्याच दमात त्याने विचारलं, पुढच्या शुक्रवारी तुझा भाचा येतोय ना?

“येडा हाय तो,” मामू संध्याकाळी म्हणाला. तांदळाच्या भाकरीचा तुकडा त्याने बराच वेळ हातातच धरला होता. “खेळू नको म्हनून आपन सांगूचा तरी कसा? तो काय ऐकनार नाय.”

“मी नाही गेलो तर?” मी म्हटलं.

“तू नाय गेलास तं तिथं तो हापिसातला टाइमकीपर उभा ऱ्हाईल. वारा आला तरी पडतो तो.” मामूने भाकरी ताटात ठेवली. “आता तूच उभा ऱ्हा. तो गेला की आपली सगल्यांची बदली चरात, हे समजून उभा ऱ्हा.”

ज्याने मला जाऊ नको म्हणून बजावलं होतं तोच आता मला ढकलत होता, आणि त्याचंही बरोबर होतं. पण त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. टोळीतला जो भेटेल तो मला सल्ला द्यायचा. कोणी म्हणे कमरेत वाक, कोणी म्हणे कुराणातली आयतल कुर्सी म्हणून फुंकर मार. जेवताना माझे पाय बाकड्याखाली हलत राहायचे. चहा घ्यायला रांगेत उभा राहिलो आणि मागून कोणी सरकला की मी दचकून वळायचो. नमाजीत उभा असताना डाव्या बाजूला कोण आहे इकडे माझं लक्ष, आणि मग त्या गुन्ह्याची आणखी भीती. आयुष्यात पहिल्यांदा मला माझे हात नकोसे झाले होते. ते सतत काहीतरी धरायला बघायचे.

फोरमन कामानंतर मला मैदानावर न्यायचा. “बैठो,” म्हणायचा, म्हणजे गुडघे वाकव. “छोटा कदम.” “देखो, मारो मत.” तो स्वतः तांबड्याची जागा घेऊन माझ्यावर चालून यायचा, लंगडत, आणि मी त्याला अडवायलाही घाबरायचो, कारण धक्का लागून त्याचाच गुडघा गेला असता तर काय घ्या. त्याला हे कळायचं नाही. तो चिडायचा, माझ्या छातीवर मुठी मारायचा. मीही चिडायचो. मला त्याला सांगायचं होतं, की बाबा रे, तू घरी बस, तुझ्या चेंडूपायी आमची टोळी टांगणीला लागली आहे. पण एवढं बोलण्याइतकं हिंदी ना त्याला येत होतं ना त्याच्यासमोर मला सुचत होतं.

मार्ग सापडला तो कामावर, आणि तोही वैतागात. एक लांबलचक पाइप क्रेनला लटकत होता, उत्तरेचा वारा सुटला होता आणि पाइपचं एक टोक माझ्या अंगावर झोके घेत येत होतं. मी नेहमीप्रमाणे त्याच्याबरोबर मागे मागे गेलो, खांदा लावला आणि त्याला माझ्या बाजूने पुढे जाऊ दिला. लटकणारा बोजा कोणी थांबवत नाही. थांबवायला जाणारा चिरडतो. त्याच्या संगतीने चालायचं आणि त्याचं तोंड हळूच दुसरीकडे वळवायचं. हे मी रोज करत होतो. आणि शुक्रवारी मात्र मी तांबड्याला थांबवायला उभा राहत होतो. मी तिथेच स्वतःवर इतका संतापलो की हातातला दोर आपटला, आणि मामूने मला त्याबद्दल दोन शब्द सुनावले.

पुढच्या शुक्रवारी तांबडा आला तसा मी मागे गेलो. तो डावीकडे, मी डावीकडे. मुठी छातीशी, कोपरं अंगाला चिकटलेली. त्याने थप्पड मारली, मी ती खाल्ली. खांदा त्याच्या बरगडीला लावला आणि त्याच्याबरोबर पळत पळत त्याला फोरमनच्या पाठीमागून पार पलीकडे नेला. फोरमनने चेंडू फेकला तेव्हा तांबडा त्याच्यापासून चांगला दूर होता. फोरमन ओरडला, “आस्ते! आस्ते!” क्रेनवर बोजा छान उतरत असला की तो हेच म्हणायचा. बाहेर आमची टोळी उभी होती. मामूने टाळी वाजवली नाही, पण खाली बसला. तोवर तो उभाच होता.

मग मला वाटलं सुटलो. कसला सुटतोय. तांबडा काही मूर्ख नव्हता. तो आत घुसायला शिकला, गिरकी घ्यायला शिकला. प्रत्येक शुक्रवारी काहीतरी नवीन. एक शुक्रवार बरा गेला की पुढचा आठवडा त्याच्या पुढच्या युक्तीच्या काळजीत. हिवाळा संपेपर्यंत फोरमन अधूनमधून पडला, पण वाईट पडला नाही. प्रत्येक वेळी तो उठेपर्यंत मी श्वास घेत नसे. आणि आमच्यातलं कोणीच घेत नसे. मैदानाच्या कडेला आमचे लोक गुण बघायचेच नाहीत, कोण जिंकतंय हे त्यांना ठाऊकच नसायचं. त्यांची नजर एका गुडघ्यावर.

शेवटचा सामना वफ्राला होता. ट्रकमध्ये बसून आम्ही गेलो. मैदानाच्या एका अंगाला खजुरांची बाग होती, तिथले मजूर कुंपणावर बसून बघत होते. आमच्या संघाला तो सामना जिंकायचाच होता. वर्षभर ड्रिलरांनी त्यांना चिडवलं होतं. फोरमन ट्रकमध्ये माझ्यासमोर बसला होता. गुडघ्याला त्याने पट्टी इतकी घट्ट बांधली होती की पाऊल निळसर दिसत होतं. मी ते बघितलं आणि मला खिडकीबाहेर बघावंसं वाटलं, पण ट्रकला खिडकी नव्हती.

मी त्या दिवशी खूप चांगला खेळलो. बढाई नाही मारत. तांबड्याने सगळं करून पाहिलं, मला अरबी आणि इंग्रजी दोन्हींत शिव्या घातल्या, माझ्या टोपाचा पट्टा तोडला. मी हात लावला नाही. अखेरीस आम्ही थोडक्यासाठी मागे होतो आणि एकच डाव उरला होता. पंच म्हणून एक कॅनेडियन सर्व्हेअर होता, ना इकडचा ना तिकडचा. त्याने घड्याळ बघून बोट वर केलं. फोरमनने आम्हाला गोलात घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “लंबा टाइम मांगता.” म्हणजे चेंडू लांब फेकायचा होता.

शिट्टी झाली. तांबडा बाहेरून आला, मी त्याच्याबरोबर मागे गेलो. त्याने अंग बाहेर टाकलं आणि एकदम आत वळला. माझा पाय तेलकट वाळूवर सरकला. मी गुडघ्यावर आलो आणि तो माझ्यासमोरून आत शिरला.

फोरमनची पाठ आमच्याकडे होती. हात वर गेलेला, सगळा भार त्या उजव्या पायावर, पाय जमिनीत रोवलेला. तांबडा खाली वाकून येत होता, खांदा नेमका त्या गुडघ्याच्या उंचीवर. त्याला कदाचित माहीतही नसेल तो काय करायला चाललाय. मला माहीत होतं. मी काही ठरवलं वगैरे नाही असं पुढे पुष्कळांना वाटलं, सवयीने हात गेले असं ते म्हणाले. चूक. मी ठरवलं. मला तो चर दिसला आणि त्या चरात मामू दिसला, आणि मी झेपावलो. दोन्ही हातांनी तांबड्याचा घोटा धरला आणि छातीशी ओढून घेतला. इतकी सुंदर पकड मी गावातसुद्धा कधी केली नव्हती. तांबडा तोंडावर आपटला. त्याची बोटं फोरमनच्या टाचेपासून वीतभर अंतरावर पडली.

चेंडू सुटला होता. लांब, उंच गेला. आमचा एक पोरगेला वेल्डर शेवटच्या रेघेपलीकडे उभा होता, त्याच्या हातात तो पडला आणि आमचे सगळे गोरे नाचायला लागले. मग कॅनेडियनची शिट्टी ऐकू आली. तो माझ्याकडे बोट दाखवत होता. माझ्या हातात अजून तांबड्याचा घोटा होता. मी तो सोडलाच नव्हता.

डाव रद्द झाला. आमचा संघ मागे सरकला, घाईघाईने एक शेवटची फेक झाली, ती जमिनीवर पडली आणि सामना संपला. आम्ही हरलो. कोणीतरी माझ्या पाठीवर टोप फेकून मारलं. मी वळून बघितलं नाही.

फोरमन माझ्याकडे आला. इतका रागावलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “हाथ क्यों?” तो म्हणाला. “क्यों? इतना दिन सिखाया. हाथ क्यों?”

मी म्हटलं, “साब, घुटना.”

“घुटना मेरा है,” तो ओरडला. “मेरा. तुम्हारा नहीं.”

आणि माझाही तोल गेला. हिवाळाभर जे पोटात कोंडून ठेवलं होतं ते वर आलं. मी त्याच्या गुडघ्याकडे बोट करून म्हटलं, “तुम्हारा नहीं है. हम सबका है. तुम गया तो हम लोग खड्डे में जाएगा.” मी मागे हात केला. कुंपणाजवळ आमची टोळी उभी होती, मामू पुढे. त्यांच्यातला एकही जण हरल्याचं दुःख करत नव्हता. सगळे त्याच्या पायाकडे बघत होते.

फोरमनने त्यांच्याकडे पाहिलं. त्याला काय कळलं आणि काय नाही हे मला ठाऊक नाही, त्याने कधी सांगितलं नाही. तो वळला आणि ट्रककडे निघून गेला. परतीच्या वाटेवर तो पुढे ड्रायव्हरजवळ बसला, मी मागे. त्यानंतर त्याने मला कधीही खेळायला बोलावलं नाही, आणि कामाशिवाय माझ्याशी बोललाही नाही. मला त्याचं वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. त्याच्या शाबासकीसाठी मी त्या मैदानावर थपडा खाल्ल्या होत्या, आणि मी किती चांगला खेळलो हे फक्त त्यालाच कळलं असतं.

शनिवारी सकाळी आम्ही धक्क्यावर लवकरच जाऊन उभे राहिलो. दुसरा फोरमन आधीच येऊन क्रेनपाशी घुटमळत होता, हातात चहा, वर बघत. सामन्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती, पण कुणाला काय लागलं हे नसावं पोचलं. मग फोरमनची गाडी आली. तो उतरला. माझ्याकडे न बघता माझ्या अंगावरून पुढे गेला, दुसऱ्या फोरमनला बाजूला हो अशी खूण केली, आणि क्रेनच्या लोखंडी शिडीवर पाय ठेवला. एक पाय, मग दुसरा. कठडा न धरता.

मामू माझ्या शेजारी दोराला गाठ मारत होता. त्याचे हात थांबले.

“बग,” तो हळूच म्हणाला. “चडला.”

वरून आवाज आला, “हबेस.” आम्ही बोजा उचलला.